परदेशात डॉक्टर म्हणून नोंदणी आणि त्यानंतरचे विशेषज्ञ प्रशिक्षण

शिवडीकर

नमस्कार. माझी मुलगी मुंबईतल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकली असून तिची इंटर्नशिप येत्या काही महिन्यांत संपेल. तिला मेडिसिन या शाखेत विशेषज्ञ व्हायचे आहे. नीट-पीजीचा अभ्यास चालू आहे. पण बरोबरीची बरीच मुले प्लॅबविषयी, म्हणजे परदेशी डॉक्टरांसाठीच्या ब्रिटनच्या परीक्षेविषयी, बोलतात, म्हणून आम्ही एका क्लासच्या समुपदेशकाला भेटून आलो. प्लॅबचे दोन भाग झाले की जीएमसीचा, म्हणजे तिकडच्या वैद्यकीय परिषदेचा, नोंदणी क्रमांक मिळतो, क्रमांकापाठोपाठ इंग्लंडमध्ये नोकरी आणि नोकरीपाठोपाठ प्रशिक्षणाची जागा, असे त्याने सांगितले. मी उभा जन्म हिशेब खात्यात काढला आहे. इतका सरळ ताळेबंद समोर आला की मला शंकाच येते. तिने पुढेमागे मुंबईत परत येऊन काम करावे अशी आमची आणि तिचीही इच्छा आहे. तेव्हा हा मार्ग खरोखर कसा आहे, आणि तिकडचे शिक्षण इथे धरले जाते का, हे या मार्गाने गेलेल्यांनी सांगावे. खर्चाचीही कल्पना द्यावी.

ट्रेंटकाठ

शिवडीकर, समुपदेशकाने सांगितलेला पहिला टप्पा खरा आहे, दुसरा अर्धा खरा आहे आणि तिसऱ्यापाशी गाडे अडते. जीएमसीची नोंदणी म्हणजे ब्रिटनमध्ये डॉक्टर म्हणून काम करण्याची मुभा. परीक्षा उत्तीर्ण झाली आणि कागद नीट असले की ती मिळते. तिथे जागांची मर्यादा नसते. प्रशिक्षणाच्या जागा मात्र मोजक्या असतात आणि त्यांची स्पर्धा दरवर्षी नव्याने होते. क्लासवाले नोंदणी विकतात, कारण तिची हमी देता येते. जागेची हमी आज खुद्द इंग्लंडमध्ये शिकलेल्या मुलालाही कोणी देत नाही.

हे असे का झाले ते थोडे मागे जाऊन सांगतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये ब्रिटनने सर्व डॉक्टरांचा समावेश टंचाईच्या व्यवसायांच्या यादीत केला. त्याआधी बहुतेक शाखांच्या जागांसाठी ब्रिटिश आणि युरोपीय उमेदवारांचा विचार आधी होई आणि उरलेसुरले आपल्या वाट्याला येई. ती अडचण दूर झाल्यावर आपल्याकडची मुले पहिल्याच फेरीत बरोबरीने अर्ज करू लागली, आणि आज मुंबईत ज्यांच्या यशाच्या कहाण्या सांगितल्या जातात त्यांतले पुष्कळसे त्या काही वर्षांत आत शिरलेले आहेत. पुढे अर्जदार भराभर वाढले, जागा त्या मानाने वाढल्या नाहीत. २०२५ मध्ये तीस हजारांहून अधिक डॉक्टर रांगेत होते आणि जागा त्यांच्या निम्म्याहूनही कमी होत्या. त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात ब्रिटनमध्ये शिकलेल्या पदवीधरांना प्रशिक्षणात प्राधान्य देण्याचे सरकारने जाहीर केले, आणि २०२६ च्या सुरुवातीला त्यासाठी संसदेत विधेयकही आणले. त्यामुळे २०२० सालच्या कोणाच्या अनुभवावरून आजचा निर्णय घेऊ नये, मग तो अनुभव सख्ख्या मामेभावाचा का असेना.

मग क्रमांक मिळालेले डॉक्टर करतात काय? ते प्रशिक्षणाबाहेरच्या नोकऱ्या करतात, ज्यांना ट्रस्ट ग्रेड किंवा क्लिनिकल फेलो म्हणतात. काम जवळपास तेच असते, रात्रपाळ्याही त्याच असतात आणि वरिष्ठ चांगले भेटले तर शिकायला पुष्कळ मिळते. पण ती वर्षे सीसीटीच्या, म्हणजे प्रशिक्षण पूर्ण झाल्याच्या प्रमाणपत्राच्या, हिशेबात आपोआप धरली जात नाहीत. आता या नोकऱ्यांसाठीही एकेका जाहिरातीला शेकड्यांनी अर्ज येतात आणि ठरावीक संख्या झाली की काही रुग्णालये मुदतीआधीच जाहिरात बंद करतात. क्रमांक हाती असून घरी बसलेली मुले मी पाहिली आहेत. क्लासच्या फलकावर त्यांचेही छायाचित्र 'यशस्वी' म्हणूनच असते.

मेडिसिनचा रस्ता असा आहे: आधी तीन वर्षांचे इंटर्नल मेडिसिन ट्रेनिंग, मग हृदयरोग, श्वसनरोग वगैरे शाखेसाठी पुन्हा नव्याने अर्ज आणि पुन्हा स्पर्धा, आणि त्यानंतर साधारण चार ते पाच वर्षे. जनरल प्रॅक्टिसचे प्रशिक्षण तीन वर्षांत संपते.

कागदोपत्री

मी डॉक्टर नाही. घरातल्या दोघांचे अर्ज मात्र माझ्या हातून गेले आहेत, म्हणून फक्त कागदांविषयी लिहिते.

पहिली अडचण नावाची येते. आपल्याकडच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि काही कागदांवर आईचेही नाव असते. पासपोर्टवर मात्र आडनावाचा रकाना वेगळा आणि वडिलांचे नाव कधी मधल्या नावात, कधी नाहीच. जीएमसीसाठी पदवीची पडताळणी एपिक नावाच्या सेवेमार्फत होते. ती सेवा तुमचे पदवी प्रमाणपत्र थेट विद्यापीठाकडे, म्हणजे आपल्या बाबतीत नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, पाठवून खातरजमा करून घेते. तिथे पासपोर्टवरचे नाव आणि पदवीवरचे नाव यांत फरक दिसला की स्पष्टीकरण मागतात. एका अक्षराच्या फरकासाठीही प्रतिज्ञापत्र करावे लागू शकते. मुलगी लग्नानंतर नाव बदलणार असेल तर ते या प्रक्रियेच्या अधेमधे बदलू नये. आधी तरी बदलावे, नाहीतर नोंदणी हातात पडल्यावर.

दुसरा कागद गुड स्टँडिंग सर्टिफिकेटचा. तुम्ही जिथे नोंदणीकृत आहात तिथे तुमच्याविरुद्ध कोणतीही कारवाई नाही, असे त्यात लिहिलेले असते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची कायम नोंदणी झाल्याशिवाय त्याची प्रक्रिया सुरू होत नाही, आणि जीएमसी ते तीन महिन्यांपर्यंतच ताजे मानते. लोक उत्साहाने ते सर्वांत आधी काढून ठेवतात आणि दुसऱ्या भागाचा निकाल येईपर्यंत ते शिळे होते. ते शेवटी काढायचे असते.

तिसरी गोष्ट बाँडची. सरकारी आणि महापालिकेच्या महाविद्यालयांतून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्ष शासकीय सेवा करावी लागते. ती न केल्यास १० लाख रुपये भरण्याची अट करारनाम्यात असते. नियम मधूनमधून बदलतात, म्हणून मुलीने ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीचा सही केलेला करारनामा काढून वाचावा. हा विषय मिटवल्याशिवाय मूळ कागद आणि ना हरकत दाखले यांत घोडे अडून बसू शकते.

शिवडीकर

फार उपयुक्त. करारनामा कपाटातून काढला. शब्दन्‌शब्द वाचतो आहे. आणखी एक विचारतो. तिने इथेच एमडी करून मग जावे की आत्ताच निघावे? आणि इंग्रजी माध्यमातून पाच वर्षे शिकल्यावरही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते का?

ट्रेंटकाठ

इंग्रजीची परीक्षा द्यावीच लागते. आयईएलटीएसच्या अकॅडमिक प्रकारात एकूण ७.५ आणि चारही भागांत किमान ७, किंवा ओईटीमध्ये चारही भागांत 'बी' श्रेणी, आणि हे सारे एकाच बैठकीत. शिक्षण इंग्रजीत झाले असे दाखवून सूट मागण्याची एक वाट आहे, पण त्यात रुग्णांशी आणि नातेवाइकांशी झालेल्या संवादापैकी किमान ७५ टक्के इंग्रजीत असावा लागतो. परळच्या किंवा सायनच्या वॉर्डात असे कोण सांगू शकेल? तिथे रुग्णाशी इंग्रजीत बोलू लागलात तर सिस्टरच तुम्हांला बाजूला घेतील.

प्लॅबचा पहिला भाग १८० प्रश्नांचा आणि तीन तासांचा असतो. तो भारतातही देता येतो. जो मुलगा नीट-पीजीचा अभ्यास मनापासून करतो आहे त्याला तो जड जात नाही, फक्त तिकडच्या नाइस संस्थेच्या उपचारांविषयीच्या मार्गदर्शक सूचना आणि डॉक्टरांसाठीचे आचारनियम वेगळे वाचावे लागतात. दुसरा भाग केवळ मँचेस्टरला होतो. सोळा प्रसंग, प्रत्येकाला आठ मिनिटे, आणि आत जाण्यापूर्वी दाराबाहेर लावलेली माहिती वाचायला दीड मिनिट.

या दुसऱ्या भागात आपली मुले ज्ञान कमी म्हणून सहसा अडकत नाहीत. समोर रुग्णाची भूमिका करणारी व्यक्ती बसलेली असते. समजा, प्रसंग छातीत दुखण्याचा आहे. आपला मुलगा दोन मिनिटांत निदान करतो, चौथ्या मिनिटाला औषधे सांगतो आणि मोकळा होतो. रुग्णाचे वडील याच वयात हृदयविकाराने गेले आणि म्हणून ती बाई घाबरून आली आहे, हे त्याने विचारलेलेच नसते. विचारले असते तर तिने सांगितले असते, कारण तिला तेवढ्यासाठीच बसवलेले असते. रोज दीडशे-दोनशे रुग्णांच्या ओपीडीत वाढलेल्या माणसाला 'तुम्हांला नेमकी कशाची भीती वाटते?' हे विचारायची सवय नसते, आणि ती तिथे गेल्यावर एका आठवड्यात लागत नाही. तिने ती इंटर्नशिपमध्येच लावून घ्यावी. फी पडत नाही.

पहिल्या भागाला पावणेतीनशे पौंडांच्या आसपास आणि दुसऱ्याला हजार पौंडांच्या आसपास शुल्क धरा. त्यात व्हिसा, विमान, मँचेस्टरचा मुक्काम आणि बहुतेक जण करतात तो सरावाचा वर्ग मिळवा. खरा खर्च मात्र त्यानंतर सुरू होतो: नोकरी मिळेपर्यंतचे महिने. त्यासाठी पैसे वेगळे ठेवता येत नसतील तर निघू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एमडी आधी की नंतर, याचे उत्तर मी देण्यापेक्षा इथल्या ओपीडी_पाच यांनी द्यावे. ते दोन्ही बाजू पाहून आले आहेत.

ओपीडी_पाच

बोलावल्याबद्दल आभार. मी मुंबईत एमडी मेडिसिन करून नंतर एमआरसीपी, म्हणजे ब्रिटनमधल्या फिजिशियनांच्या रॉयल कॉलेजांची परीक्षा, केली, एमटीआय योजनेतून इंग्लंडला गेलो आणि परत आलो.

एमआरसीपी तीन टप्प्यांची असते: दोन लेखी आणि पेसेस नावाची प्रात्यक्षिक परीक्षा. पहिला भाग पदवीनंतर बारा महिन्यांच्या अनुभवावर देता येतो, त्यामुळे एमडी करतानाच तो देणारे बरेच आहेत. पूर्ण एमआरसीपी जीएमसी प्लॅबऐवजी स्वीकारते. एमटीआय म्हणजे परदेशी डॉक्टरांनी जास्तीत जास्त चोवीस महिने तिकडे काम करून शिकून परत जाण्याची योजना. यात रॉयल कॉलेज किंवा तत्सम संस्था तुमची शिफारस करते आणि प्लॅब लागत नाही, मात्र इंग्रजी लागते आणि गेल्या पाचांपैकी तीन वर्षे, त्यातही शेवटचे वर्षभर, तुम्ही प्रत्यक्ष काम करत असायला हवे. हा व्हिसा स्थायिक होण्यासाठी नसतो. ज्याला परतच यायचे आहे त्याला त्याचे काय?

आता सर्वांत महत्त्वाचे, कारण शिवडीकरांचा मूळ प्रश्न परतण्याचा आहे. एमआरसीपी झालेला माणूस भारतात एमडीच्या बरोबरीचा, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे आणि ती बरोबर नाही. २००८ च्या अधिसूचनेनुसार ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांतली पदव्युत्तर अर्हता भारतात धरली जाते, पण अट अशी की त्या अर्हतेवर त्या देशात त्या शाखेचा विशेषज्ञ म्हणून तुमची नोंद होत असली पाहिजे. एमआरसीपीवर ब्रिटनमध्ये कोणी विशेषज्ञ होत नाही. ती प्रशिक्षणाच्या वाटेवरची परीक्षा आहे. सीसीटीवर होतो. म्हणजे नुसती एमबीबीएस घेऊन गेलेली मुलगी तिकडे सहा वर्षे ट्रस्ट ग्रेडवर राबली, एमआरसीपीही झाली आणि घरच्या कारणाने परत आली, तर कागदावर ती एमबीबीएसच. अनुभव अमाप, पण पाटीवर विशेषज्ञ म्हणून लिहिता येणार नाही आणि शिकवण्याच्या पदावर लागता येणार नाही.

याउलट एमडी करून गेलेल्याला परतीची जागा पक्की असते आणि तिकडेही पोर्टफोलिओ मार्ग असतो. पूर्वी त्याला सीईएसआर म्हणत. नोव्हेंबर २०२३ पासून नाव बदलले आणि निकषही काहीसे मोकळे झाले. त्यात तुमचे ज्ञान, कौशल्य आणि अनुभव पुराव्यांनिशी दाखवून विशेषज्ञांच्या यादीत नाव घालता येते. पुरावे म्हणजे अक्षरशः शेकडो पाने: कार्यपद्धतींच्या नोंदी, ऑडिट, वरिष्ठांचे अहवाल, नावे खोडलेली रुग्णपत्रे. त्यासाठी इथे एमडी करतानाच लॉगबुक इमानाने भरावे, आदल्या रात्री सगळे एका शाईने भरू नये.

एक उलटी बाजूही आहे. काही प्रवेशस्तरांवर जास्तीचा अनुभव आड येतो. कोअर सर्जिकल ट्रेनिंगला, म्हणजे सर्जरीच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या टप्प्याला, सर्जरीतला अनुभव अठरा महिन्यांहून जास्त नसावा, अशी अट राहिलेली आहे. तीन वर्षांचा एमएस केलेला सर्जन तिथे बसतच नाही, त्याला वरच्या पायरीचा विचार करावा लागतो. त्या-त्या शाखेची त्या वर्षीची पात्रता वाचूनच ठरवावे.

वडाळा_डेपो

विषयाला धरूनच लिहितो. करदात्यांच्या पैशावर शिकलेल्या मुलांनी निघून जायचे आणि आपण त्यांना वाट दाखवायची, हे मला पटत नाही. गडचिरोलीत आणि नंदुरबारमध्ये डॉक्टर मिळत नाहीत.

कागदोपत्री

आपला मुद्दा गैर नाही. बाँड त्यासाठीच आहे आणि तो पाळावा असेच मी वर लिहिले आहे. त्यावर वेगळा धागा काढावा, मीही तिथे येईन.

हडसनपार

अमेरिकेविषयी थोडक्यात, कारण शिवडीकरांच्या मुलीसमोर हा पर्याय येईलच. तिथे नोंदणी आणि प्रशिक्षण यांचा क्रम उलटा आहे: रेसिडेन्सी, म्हणजे तिथले विशेषज्ञ प्रशिक्षण, मिळाल्याशिवाय परदेशी पदवीधराला सहसा कामच करता येत नाही, त्यामुळे क्रमांक घेऊन ताटकळत राहण्याचा प्रकार तिथे नाही. जे काही व्हायचे ते मार्चमधल्या मॅचच्या, म्हणजे जागावाटपाच्या, दिवशी होते. जानेवारी २०२२ पासून तिथल्या परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा, म्हणजे स्टेप वनचा, निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागतो, त्यामुळे सारा भार स्टेप टूच्या गुणांवर, शिफारसपत्रांवर आणि अमेरिकेतल्या प्रत्यक्ष अनुभवावर आला आहे. मेडिसिनमध्ये परदेशी पदवीधरांना जागा बऱ्याच मिळतात. त्वचारोग किंवा अस्थिरोग यांची आशा फारशी धरू नये.

जे-वन व्हिसावर गेलात तर प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते, आणि व्हिसासाठी दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचे पत्र लागते. ती अट माफ करून घेण्यासाठी तीन वर्षे डॉक्टरांची कमतरता असलेल्या भागात सेवा करावी लागते, आणि त्यासाठी प्रत्येक राज्याला वर्षाला तीसच जागा शिफारसता येतात. मुंबईला परतायचेच असेल तर ही अट अडचण नाही, आणि तिथले प्रशिक्षण व बोर्डाची विशेषज्ञ परीक्षा पूर्ण केलेल्याला वर सांगितलेल्या पाच देशांच्या नियमाचा लाभ मिळतो.

शिवडीकर

सर्वांचे आभार. मुलीने सगळे वाचले. तिचा विचार असा ठरतो आहे की नीट-पीजी मनापासून द्यावी, मेडिसिन मिळाले तर इथेच एमडी करावे आणि त्यादरम्यान एमआरसीपीचा पहिला भाग द्यावा. मेडिसिन नाही मिळाले तर बाँडचे वर्ष पूर्ण करताना प्लॅबचा पहिला भाग. तिचा एक शेवटचा प्रश्न: बाँडच्या वर्षाचा अनुभव तिकडे धरतात का?

ट्रेंटकाठ

नोकरीच्या अर्जात धरतात. प्रशिक्षणाच्या अर्जाला मात्र क्रेस्ट नावाचा नमुना जोडावा लागतो आणि तिथे हे वर्ष उपयोगी पडेल की नाही, ते ती कुठे काम करते यावर ठरते. क्रेस्टमध्ये एकेका कौशल्यापुढे सही करणारा वरिष्ठ विशेषज्ञ असा हवा की ज्याने गेल्या साडेतीन वर्षांत किमान तीन महिने सलग तिचे काम पाहिले आहे. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती एकटीच वैद्यकीय अधिकारी असेल तर ती शिकेल भरपूर, पण सही करणार कोण? जिल्हा रुग्णालय किंवा महाविद्यालयाच्या रुग्णालयात एखाद्या युनिटमध्ये नेमणूक मिळाली तर ही अडचण उरत नाही. सही करणारे सर भारतातले असले तरी चालतात, फक्त त्यांच्या विशेषज्ञ नोंदणीचा पुरावा जोडावा लागतो. नमुन्यातला एकही रकाना रिकामा राहिला तर अर्ज बाद होऊ शकतो, आणि अर्जांची खिडकी साधारण ऑक्टोबरअखेर उघडून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बंद होते. आपल्याकडे त्याच सुमारास दिवाळी येते आणि सर गावी गेलेले असतात. तेव्हा सही गणपतीतच घेऊन ठेवावी.

कागदोपत्री

आणि ती सही घेताना सरांना त्यांचे नाव परिषदेच्या नोंदणीत जसे आहे तसेच लिहायला सांगा. आमच्याकडे सरांनी सवयीने फक्त आद्याक्षरे लिहिली होती आणि तो नमुना पुन्हा पहिल्यापासून भरून घ्यावा लागला.